भोक इकडे, पाइप तिकडे

अंधेरीचा गोखले पूल धोकादायक म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पाडला गेला आणि नवा बांधायला घेतला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू उघडली, तेव्हा सगळ्यांना दिसलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल ज्याला येऊन मिळायचा, तो पूल आता त्याच्या डोक्यावरून चालला आहे. रेल्वेला रुळांच्या वर जास्त मोकळी जागा हवी होती, म्हणून नवा पूल उंच झाला. जुन्या उड्डाणपुलाला हे कुणी कळवलं नाही, तो आपल्या उंचीवर थांबून राहिला. मग व्हीजेटीआयचे तज्ज्ञ आले, जॅक लागले आणि बर्फीवाला पूल एका बाजूने १,३९७ व दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलून जोडला गेला. जुलै २०२४ मध्ये गाड्या सुरू झाल्या. तोवर अख्खी मुंबई हसून घेत होती. आमच्या डोंबिवलीच्या विंगमध्ये मात्र त्या विषयावर कुणी फारसं हसत नव्हतं, कारण आमच्याकडे त्याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा बाथटब आला होता.

पुलाचं एक बरं असतं. त्याच्याखालून लोकल जाते, आणि छताला ओल आली म्हणून सोसायटीकडे अर्ज करायची लोकलला सोय नाही. काकांच्या टबाखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकू राहतात.

टब का, तर काकांची मुलगी टोरांटोला असते आणि नातू तीन वर्षांचा. त्याला म्हणे टबाशिवाय आंघोळच ठाऊक नाही. मे महिन्यात पोर यायचं आणि त्याला आपल्याकडे गैरसोय व्हायची, हे काकांना सहन होईना. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं तपासली, स्वतः कधी चहाची टपरीसुद्धा न विचारता बदलली नाही. पण नातवाचं नाव निघालं की कसलेले हिशोबनीसही उधळतात. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका शोरूममधून पाच फूट बाय अडीच फुटांचा पांढराशुभ्र टब आला.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर टब उभा करून बघितला, आडवा करून बघितला, शेवटी हमालांनी तो पालथा करून डोक्यावर घेतला आणि खालून दोघांचे फक्त पाय दिसू लागले. सगळी विंग दारात उभी. "कपडे भिजवायला बरा आहे," पहिल्या मजल्यावरून. "गणपतीच्या विसर्जनाची कायमची सोय झाली," हे समोरच्या घरातून. मागून कुणीतरी सुस्कारा टाकला, "सव्वीस जुलैच्या पुरात हवा होता हो हा." सेक्रेटरी वरच्या पायरीवर उभे राहून बेरीज करत होते. टबात दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर टबाचं वजन, वर काकांचं. काकांच्या वजनाची सोसायटीकडे नोंद नव्हती, त्यामुळे बेरीज तिथेच अडकली आणि ना हरकत पत्रही.

बाथरूम चार बाय सहा. इमारत ऐंशीच्या दशकातली. तेव्हा डोंबिवलीत वन रूम किचन विकले जायचे, वन बीएचके घेणारा पुढे गेला असं लोक मानायचे, आणि बाथरूम म्हणजे दार लावलेली मोरी. कोपऱ्यात हातभर उंचीचा कट्टा, त्याच्या पायथ्याशी नहाणी ट्रॅप, त्यावर भोकांची जाळी. हा ट्रॅप तिथेच का, याला तेव्हाच्या गवंड्याचं स्वतःचं शास्त्र होतं. बाई भांडी घासायला जिथे बसणार त्याच्या समोर उतार. पाच फुटी टब इथे येणार आहे हे त्याला कोण सांगणार? सहा फुटांच्या भिंतीलगत टब ठेवला की एका टोकाला फूटभर जागा उरते आणि बाजूला दीड फुटाची पट्टी. दार आत उघडेना, म्हणून ते बाहेर उघडणारं करून घेतलं. बादली ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा काकांच्या घरच्या काकूंनी बादली टबात ठेवली. काका म्हणाले, "तात्पुरती." काकूंनी तांब्याही ठेवला.

आता खरी गोष्ट. टबाला पायाच्या बाजूला खाली एक भोक असतं. तिथे वेस्ट कपलिंग बसतं, त्याखाली पाइप, तो पाइप ट्रॅपला जोडायचा, आणि ट्रॅपमधून पाणी बाहेरच्या उभ्या पाइपाला. कागदावर हे एका रेघेत येतं. काकांना लादी फोडायचीच होती म्हणून ट्रॅपही हलवून टबाच्या भोकाखाली घेतला. नवीन ट्रॅप बसला, कोबा झाला, वॉटरप्रूफिंग झालं, टाइल्स लागल्या, टब आत ठेवला, काकांनी वाकून मोबाइलचा टॉर्च मारला, आणि भोक इकडे होतं, पाइप तिकडे. बाजूला अडीच इंच. शिवाय टबाच्या तळाखालून एल्बो वळवायला जी उंची लागते ती दीड इंचाने कमी.

मी हे सगळं जवळून पाहिलं, कारण विंगमध्ये पाणसळ फक्त माझ्याकडे आहे, आणि डोंबिवलीत तुमच्याकडे पाणसळ आहे हे एकदा कळलं की तुम्ही अर्धे इंजिनिअर होता. चौकशी झाली. चौकशीत निघालेलं सत्य असं, की कुणाचंच माप चुकलं नव्हतं.

काकांनी माप घेतलं ते काकूंच्या शिवणाच्या टेपने, जुन्या भिंतीपासून. शोरूमवाल्याने कागद दिला तो मिलिमीटरमध्ये, आणि त्यातलं माप टबाच्या बाहेरच्या कडेपासून. गवंड्याने ट्रॅपची खूण केली ती भिंत सोलून विटा उघड्या पडल्या तेव्हा, विटेपासून, आणि सुतात. (इंचाला आठ सूत. गवंड्याला "पंचवीस मिलिमीटर" सांगा, तो मान डोलावतो आणि पुन्हा सुतातच मोजतो.) त्यानंतर त्या विटेवर प्लास्टर चढलं, त्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप, त्यावर टाइल्सचा माल, त्यावर मोरबीहून आलेली टाइल. दोन्ही बाजूंच्या भिंती दोन-दोन इंच आत सरकल्या. खोली लहान झाली, टब तेवढाच राहिला, आणि ट्रॅप जमिनीत गाडलेला असल्यामुळे त्याला हे काही कळलं नाही. प्रत्येक जण बरोबर होता. फक्त प्रत्येकाची भिंत वेगळी होती.

हे बांधकामातलं फार जुनं दुखणं आहे आणि आपल्याकडे ते जास्त बळावतं, कारण आपल्याकडे ज्याने भोक पाडलं आणि ज्याने पाइप आणला ते दोघे कधी एकमेकांना भेटत नाहीत. कमोडचंही हेच. मागच्या भिंतीपासून आउटलेट नऊ इंचांवर असलेला कमोड मिळतो आणि बारा इंचांवर असलेलाही मिळतो. जमिनीतलं भोक कितीवर आहे हे आधी बघायचं असतं. लोक आधी रंग बघतात.

मग प्लंबर आला. आमच्या भागातले बरेच प्लंबर ओडिशाचे, आणि ओडिशातही केंद्रापाडा जिल्ह्याचे. तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. एखाद्या गावाची सही जशी हापूसवर किंवा पैठणीवर असते तशी केंद्रापाड्याची सही देशभरातल्या नळांवर आहे. हा तिशीतला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. टबाखाली आडवा झाला, टॉर्च फिरवला, बराच वेळ आत राहिला. काका, काकू, टाइल्सवाला, सेक्रेटरी आणि मी असे पाच जण त्याच्या तळपायांकडे बघत उभे होतो. बाहेर आल्यावर त्याने एकच विचारलं, "ये टाइल किसने लगाया?"

टाइल्सवाला राजस्थानचा. त्याने विचारलं, "ट्रॅप किसने बिठाया?" ट्रॅप गवंड्याने बसवला होता आणि गवंडी सोलापूरकडच्या आपल्या गावी निघून गेला होता. मला वाटतं बांधकामाच्या धंद्यात शेवटचं बिल मिळाल्याच्या दिवशी गावाला जाणं ही एक शिकवलेली कला असावी. इथून पुढचा अर्धा तास सगळा दोष त्या गैरहजर माणसाच्या नावावर गोळा होत गेला. शेवटी त्याच्यावर इतकं चढलं की काकांना त्याची दया येऊन ते म्हणाले, "बिचारा स्वभावाने चांगला होता पण."

उपाय काय? पहिला उपाय कुणीही सांगतो, "फ्लेक्सिबल लावा." नागमोडी प्लास्टिकचा तो पाइप. वाकवा तसा वाकतो, ओढा तसा लांबतो, अडीच इंच म्हणजे त्याच्या हातचा मळ. हार्डवेअरवाल्याने तो काउंटरवरच काढून ठेवला होता, जणू आम्ही येणार हे त्याला टाइल्सच्या शोरूमने आधीच कळवलं असावं. सेक्रेटरींना तो आवडला, कारण त्यात फोडाफोडी नव्हती. पण प्लंबरने मान हलवली. त्या पाइपाच्या आत वळ्या असतात, वळीत केस अडकतात, केसात साबण अडकतो, आणि सहा महिन्यांत टबातलं पाणी दुपारपर्यंत बसून राहतं. शिवाय तो टबाखाली टाइल्सने बंद होणार. सैल झाला तर पहिली बातमी खालच्या काकूंना. "नीचे वाली आंटी," असं म्हणून त्याने जमिनीकडे बोट केलं. त्याने त्यांना पाहिलेलंही नव्हतं, पण प्रत्येक इमारतीत खाली एक आंटी असतेच, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

दुसरा उपाय म्हणजे पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड. एक वळवून बाजूला न्यायचा, दुसरा वळवून पुन्हा सरळ करायचा. नव्वदचा एल्बो लावला की पाणी जाऊन भिंतीवर आपटतं आणि गाळ तिथेच टाकतं, पंचेचाळीसच्या जोडीतून ते वळण घेऊन जातं. फुटाला पाव इंच उतार. एवढं करायला टबाखाली जागा हवी, आणि जागा दीड इंचाने कमी. मग टबच उचलायचा. "बर्फीवाला करावं लागणार," असं सेक्रेटरी म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा त्या पुलावर आमच्या विंगमध्ये कुणी हसलं. जॅक नव्हते, विटा होत्या. टबाच्या चारही पायांखाली विटा आणि त्यावर सिमेंट. टब वर गेला, आणि त्यात शिरायला काकांना आता पायरी लागणार हे उघड झालं. काकूंनी पाट दिला.

पाइप आणायला काकांबरोबर मी गेलो. या बाबतीत माणसाचं गणित बाजूला राहतं. कपलिंगवर चाळीस मिलिमीटर लिहिलं होतं. काकांनी बँकेच्या सवयीने मनातल्या मनात हिशोब केला: चाळीस भागिले पंचवीस पॉइंट चार, म्हणजे दीड इंचाहून थोडं जास्त. "दीड इंची पाइप द्या." दुकानदाराने दिलेला पाइप कपलिंगमध्ये जाईना, कारण पीव्हीसीच्या बाजारात चाळीस मिलिमीटर म्हणजे सव्वा इंची, दीड इंची म्हणजे पन्नास, आणि चार इंची म्हणजे एकशे दहा. बाहेरचा व्यास, आतला व्यास, जुन्या लोखंडी पाइपांच्या काळातली नावं, सगळं एकात एक घुसलेलं. दुकानदाराला हे ठाऊक असतं, प्लंबरला ठाऊक असतं, फक्त पैसे देणाऱ्याला ठाऊक नसतं. काकांनी वाद घातला आणि हरले. कर्जाचे हप्ते चुकवणाऱ्यांशी आयुष्यभर बोललेला माणूस एका कपलरपुढे गप्प झाला.

मग ट्रॅपवरून रामायण. शोरूमच्या टबाबरोबर डब्यात स्वतःचा छोटा ट्रॅप आला होता. जमिनीत नहाणी ट्रॅप होताच. काका म्हणाले, दोन्ही लावा, दुप्पट सुरक्षा. प्लंबर म्हणाला, दोन लावले की मधली हवा कोंडते, पाणी डबडब करत बसतं आणि जात नाही. एकच ट्रॅप. काकांना हे पटेना. तेव्हा प्लंबरने बाटली आडवी धरून, उभी धरून असं काहीतरी करून दाखवलं आणि अर्धं पाणी काकांच्या लेंग्यावर गेलं. पटलं.

ट्रॅप ही गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. वळलेल्या नळीत दोन इंच पाणी अडवून ठेवायचं, बस. तेवढ्या पाण्याने गटाराचा वास वर येत नाही आणि झुरळं येत नाहीत. १७७५ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने संडासाच्या अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. तेव्हापासून त्याचं मूळ तत्त्व बदललेलं नाही, कारण बदलण्यासारखं काही नाही. दारावर शिपाई ठेवावा तसं दोन इंच पाणी रात्रंदिवस उभं. मे महिन्यात आपण कोकणात जातो, तीन आठवडे घर बंद, उन्हाने ते पाणी सुकून जातं, आणि परत आल्यावर दार उघडताच झुरळं आपलं स्वागत करतात. आपण म्हणतो, "एवढी साफसफाई करून गेलो होतो." साफसफाईचा संबंधच नसतो. जाताना शेजारच्यांना चावी देऊन झाडांना पाणी घालायला सांगतो, जाळीत तांब्याभर ओतायला सांगत नाही.

आमच्या आजोळी अशी कटकट नव्हती. रत्नागिरीकडच्या घरात नहाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर, बाहेर अळू आणि त्यापलीकडे केळी. भोकाला जोडायचा पाइपच नव्हता, त्यामुळे पाइप चुकण्याची शक्यता नव्हती. केळीने कधी सोसायटीकडे अर्ज केला नाही, उलट आंघोळीचं पाणी पिऊन घड दिले. कल्याणच्या पारनाक्याच्या वाड्यांतून आणि ठाण्याच्या नौपाड्याच्या जुन्या बंगल्यांतूनही मागच्या परसात असंच असायचं. मग बंगले पडले, इमारती उठल्या, आणि माझं पाणी तुझ्या डोक्यावरून जाऊ लागलं.

जुन्या इमारतींतले पाइप निदान एकदा बसले की हलत नसत. बिडाचे, जड, सांध्यात ताग ठासून त्यावर वितळलेलं शिसं ओतलेले. आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत अजून एक तसा उभा पाइप आहे. त्याच्या सांध्यात पिंपळ उगवलाय आणि तो तोडायला कुणी धजावत नाही, काही श्रद्धेने आणि काही पाइप सुटेल या भीतीने. आता पीव्हीसी आलं, सॉल्व्हंट सिमेंट आलं. ब्रशने लावलं, दाबलं, थोडा वेळ धरलं, झालं. तो थोडा वेळ कुणाला नसतो, हा वेगळा मुद्दा. आणि हे सगळं फसलं की एम-सील. एम-सील लावायला लागले म्हणजे घराने नशिबावर सोडलं असं समजावं.

ठाण्यात माझा मेव्हणा घोडबंदर रोडला राहतो, बाविसाव्या मजल्यावर. त्याच्याकडे प्रकार निराळा आहे. आमच्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली दाबून बांधलेला असतो, पाइप आपल्याच जमिनीत. फोडायचं तर आपलीच लादी. मेव्हण्याच्या टॉवरमध्ये पाइप स्लॅबखाली लटकतात, म्हणजे त्याच्या बाथरूमचा ट्रॅप एकविसाव्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छतात, फॉल्स सिलिंगच्या मागे. त्याच्या सांध्यातून पाणी ठिबकलं तर प्लंबरला पाठवायचं एकविसाव्यावर. आणि एकविसाव्यावर कोण राहतं हे मेव्हण्याला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. ॲपवरून विनंती गेली, गेटवरून फोन आला, शेवटी दोघे स्टुलावर उभे राहून एकमेकांच्या पाइपाकडे बघत ओळखीचे झाले. आता दिवाळीला फराळाची देवाणघेवाण आहे. ठाण्यात शेजारधर्म टिकवायचा असेल तर सगळ्यांचे ट्रॅप थोडे थोडे गळते असावेत असं मला तेव्हापासून वाटतं.

डोंबिवलीत शेजारधर्म आधीच भरपूर आहे, त्यात गळतीची भर पडते. काकांच्या नव्या जोडणीची टेस्ट व्हायच्या आधीच खालच्या काकूंच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग उमटला. आधी बशीएवढा, मग परातीएवढा. काकू वर आल्या. "भावोजी, तुमचं पाणी आमच्याकडे आलंय." काका म्हणाले, "आम्ही अजून टब भरलाच नाहीये, वहिनी." "मग हे कुणाचं?" पाण्यावर नाव नसतं, ही गळतीतली सगळ्यात मोठी अडचण. सोसायटीच्या आदर्श उपविधींनी वाटणी करून ठेवलेली आहे: बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती सोसायटीने बघायची, घराच्या आतली ज्याची त्याने. पण आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, तो बिंदू नेमका भिंतीच्या मधोमध असतो. तिथे सेक्रेटरी पोचत नाहीत.

प्लंबर म्हणाला रंग टाकून बघू. कपड्याची नीळ बादलीत कालवून काकांच्या ट्रॅपमध्ये ओतली. नियम असा, की निळं खाली उतरलं तर दोष काकांचा. सगळे खालच्या काकूंच्या बाथरूममध्ये छताकडे बघत बसले. चहा झाला. छत होतं तसंच राहिलं. संध्याकाळी पलीकडच्या फ्लॅटमधून, जो काकांच्या अगदी तिरका खाली आहे, तिथून निरोप आला की आमच्या पॅसेजच्या कोपऱ्यात निळे थेंब आहेत. स्लॅबमध्ये पाणी शिरलं की सळईच्या कडेने, जुन्या भेगेने, जिथे वाट मिळेल तिथे चालत जातं. ज्याच्या डोक्यावरून येतं त्याच्याच डोक्यावर पडेल याची हमी नसते. पलीकडचे गृहस्थ भयंकर शांत स्वभावाचे, त्यांना स्वतःच्या पॅसेजमध्ये निळं पाणी दिसूनही वाटलं, घरातल्या पोरांनी शाई सांडली असेल. काकूंच्या छतावरचा चहाचा डाग मग कुणाचा? तो चौथ्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा, असं आठवडाभराने निघालं. काकांवरचा आरोप मागे घेतला गेला आणि नवा दाखल झाला.

निळ्या थेंबांचा उगम मात्र काकांकडेच होता. टाइल्सवाल्याने लादी घासताना ट्रॅपच्या कडेचा वॉटरप्रूफिंगचा लेप उचकटला होता. पुन्हा फोडलं. पुन्हा लेप, पुन्हा कोबा. या वेळी प्लंबर स्वतः तिथे बसून राहिला, नव्या गवंड्याने थापी लावायच्या आधी ओळंबा धरून ट्रॅपचं भोक आणि टबाचं भोक एका रेषेत आहे का बघितलं, आणि भिंतीऐवजी दोन भोकांमधलं अंतर मोजलं. एवढीच युक्ती होती, भिंतीला मध्ये न घेण्याची. दोन बेंड जुळले. टबाच्या पुढच्या टाइल्समध्ये एक टाइल चिकटवलीच नाही, नुसती सिलिकॉनने अडकवली, उद्या हात घालायचा झाला तर. कोपऱ्यातली ती टाइल इतरांपेक्षा थोडी पुढे दिसते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काका ती काढून दाखवतात.

मग शेवटची परीक्षा. जाळीत कापड कोंबून लादीवर पाणी साठवलं, दोन दिवस ठेवलं. खालचं छत कोरडं. आता टब भरायचा, बूच काढायचं आणि पाणी नीट जातं का बघायचं. भरला. दोनशे लिटर स्वच्छ पाणी टबात हलत होतं, टोरांटोची आठवण व्हावी इतकं निळसर. प्लंबर टबाखाली आडवा होऊन म्हणाला, "निकालो साब." काका बुचाकडे वाकले.

"हात लावू नका," मागून काकू म्हणाल्या. "उद्या शटडाऊन आहे."

आमच्याकडे शटडाऊन हा पंचांगातला दिवस असतो. बारावे, मोहिली, नेतिवली ही जलशुद्धीकरण केंद्रांची नावं आम्हाला मुलांच्या शाळांसारखी पाठ आहेत. एकेक कळशी भरणाऱ्या बाईसमोर दोनशे लिटर भरून तयार आहेत आणि कुणी ते सांध्याची परीक्षा म्हणून गटारात सोडणार, हे होणं नव्हतं. प्लंबरने हात पुसले, पैसे घेतले, "बाद में देख लेना" म्हणून गेला.

मे महिन्यात नातू आला. त्याला पाटावर बसवून बादलीतून तांब्याने आंघोळ घातली जाते आणि तो जोरजोरात हसतो. टबावर काकूंनी लाकडी फळी बेतून घेतली आहे, वर कपड्यांचा ढीग असतो. खालचं पाणी शटडाऊनला तांब्याने काढतात आणि नळ आला की पुन्हा भरतात. बूच आजवर निघालेलं नाही.

खालच्या काकू मात्र त्या प्लंबरचं भारी कौतुक करतात. एवढा मोठा टब वर आहे आणि एक थेंब नाही, असा कारागीर मिळत नाही म्हणतात. त्यांनीच त्याचा नंबर चौथ्या मजल्यावर दिला, वॉशिंग मशीनसाठी.